दरोडेखोर गोएमोन आणि आपली मुले

जपान देश आपल्यापासून फार दूर आहे. परंतु आपल्या घरातील लहान मुलांना तो तितकासा दूर वाटत नाही. डोरेमॉन नावाचे निळे यंत्रमांजर आणि शिनचान नावाचे वात्रट पोर यांना न ओळखणारे मूल सिल्वासाच्या वस्तीत काय किंवा खानवेलकडच्या पाड्यांत काय, विरळाच. दूरचित्रवाणीवरून आलेल्या या पाहुण्यांच्या पाठोपाठ आता मोबाईल फोनवरून व्हिडिओ गेमही घरात शिरले आहेत. मूल पडद्याकडे पाहून एकटेच हसत असते, आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, ‘एवढे हसण्यासारखे त्यात आहे तरी काय?’

हा प्रश्न रागाने न विचारता कुतूहलाने विचारावा, असे आम्हांस वाटते. म्हणून आज आम्ही जपानमधील एका जुन्या विनोदी खेळमालिकेची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचा नायक चोर आहे. तिचे मूळ एका भयंकर देहदंडात आहे. आणि तो देहदंड ज्या राज्यकर्त्याच्या अमलात झाला, त्याच राज्यकर्त्यासमोर आपल्या वसईचा एक सुपुत्रही उभा राहिला होता.

या मालिकेचे नाव ‘गानबारे गोएमोन’. म्हणजे आपल्या भाषेत ‘हिंमत धर, गोएमोन!’ कोनामी या जपानी कंपनीने १९८६ साली तिचा आरंभ केला. गोएमोन हा गरिबांचा कैवारी असलेला चोर. झिपऱ्या केसांचा, चटकन तापणारा, पण मनाने निर्मळ. त्याचे हत्यार तलवार नव्हे, तर लांब दांड्याची चिलीम. आणि वेळ पडली तर तो शत्रूला नाणी फेकून मारतो. सोबतीला एबिसुमारू नावाचा लठ्ठ व खादाड मित्र, सासुके नावाचा यंत्रमानव आणि याए नावाची शूर तरुणी. पहिल्या खेळात गोएमोन प्रांताप्रांतांतून प्रवास करतो आणि पुढे जाण्यासाठी परवाने गोळा करतो. नाक्यावर परवाना दाखविल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही, ही गोष्ट सीमेवरच्या आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगावयास नको!

१९९७ साली निघालेल्या एका खेळाचे कथानक तर फारच मौजेचे आहे. पीचच्या फळाच्या आकाराचे एक जहाज आकाशातून येते, जपानी किल्ल्यावर झोत टाकते, आणि पाहता पाहता त्या किल्ल्याचा युरोपीय थाटाचा वाडा होऊन जातो. शत्रूला साऱ्या जपानची एक रंगभूमी करावयाची असते. विनोदाच्या जागी प्रेक्षकांच्या हशाचा आवाजही त्या खेळात घातलेला आहे. परक्यांचे अंधानुकरण करणाऱ्यांची ही थट्टा आहे. आणि ती जपानी लोकांनी स्वतःचीच केलेली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता खऱ्या गोएमोनकडे वळू. इशिकावा गोएमोन हा सोळाव्या शतकातला दरोडेखोर. १५९४ साली क्योतो नगरात, नदीकाठी, त्याला कढईत जिवंत उकळून मारण्यात आले. त्या काळी तोयोतोमी हिदेयोशी हा जपानचा सर्वसत्ताधीश होता. जपानात राहिलेल्या बेर्नार्दिनो दे आविला हिरोन या स्पॅनिश व्यापाऱ्याने या शिक्षेचा वृत्तान्त लिहून ठेवला, आणि पेद्रो मोरेहोन या येशूसंघीय धर्मगुरूंनी त्या लिखाणावर टिपण करून त्या माणसाचे नाव नोंदविले. म्हणजे जपानच्या या लोककथेच्या नायकाचे नाव इतिहासात टिकून राहण्यास एका मिशनरी धर्मगुरूची लेखणीही कारणीभूत झाली.

इतिहासात गोएमोनविषयी एवढेच थोडके सापडते. बाकी सारे लोकांनी रचले. तो श्रीमंतांचे लुटून गरिबांना वाटीत असे. तो हिदेयोशीचा खून करावयास महालात शिरला, तेव्हा एक धूपपात्र आपोआप वाजू लागले आणि तो पकडला गेला. कढईत उभा असताना त्याने आपल्या लहान मुलाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरले. अशा कितीतरी गोष्टी झाल्या. १७७८ साली ओसाका येथे रंगभूमीवर आलेल्या एका काबुकी नाटकात तो एका मंदिराच्या उंच महाद्वारावर बसून हातात चिलीम घेऊन वसंताची शोभा पाहतो, असा प्रवेश आहे. हे नान्झेनजीचे महाद्वार बांधले गेले १६२८ साली, म्हणजे गोएमोनच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी! परंतु लोककथा तारखांचा हिशेब कधी ठेवीत नाही. लोखंडी हंड्यासारख्या एका जातीच्या न्हाणीपात्रालाही जपानी लोक ‘गोएमोनबुरो’ म्हणजे गोएमोनचे न्हाणे असे म्हणू लागले. ज्या कढईची भीती वाटावी, तिच्याच नावाच्या हंड्यात बसून लोक आनंदाने अंग शेकू लागले. भयाचे असे हास्यात रूपांतर होण्यास काही शतके लागली. आणि त्याच वाटेवरचे शेवटचे पाऊल म्हणजे हे व्हिडिओ गेम.

कोणी म्हणेल, ‘चोरी करू नको’ अशी आज्ञा असताना चोराचे कौतुक मुलांनी का ऐकावे? शंका रास्त आहे. तथापि लोककथेतला चोर हा चोरीचा धडा देण्यासाठी नसतो. ज्या काळी गरिबाला न्याय मागण्यास जागा नसते, त्या काळी तो गोष्टीतून न्याय मागतो. आपल्या मुलाला एवढा फरक समजावून सांगणे आईबापांना कठीण नाही. मात्र त्यासाठी मूल काय पाहते, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

वाचकहो, आता त्याच हिदेयोशीच्या दरबारात पुन्हा एकदा डोकावू. १५९३ साली फिलिपाईन्समधून पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली काही संन्यासी त्याच्या भेटीस आले. त्यांच्या वतीने अस्खलित जपानी भाषेत बोलणारा जो दुभाष्या होता, तो आपल्या वसईचा. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. कोवळ्या वयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पुढे व्यापारात त्यांनी चांगला जम बसविला, आणि अखेर सर्व सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधू झाले. १५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि त्यावरून उठलेल्या संशयाच्या वावटळीत हिदेयोशीने ख्रिस्ती लोकांना पकडण्याचा हुकूम दिला. क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांना गावभर फिरविण्यात आले. मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथील निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. त्यांत लुइस इबाराकी नावाचा बारा वर्षांचा जपानी मुलगाही होता.

कढईतला चोर आणि क्रुसावरचा दुभाष्या! दोघांच्या मृत्यूंमध्ये अंतर तीन वर्षांहूनही कमी. राज्यकर्ता तोच, क्योतोचे रस्ते तेच. आम्ही या दोघांची तुलना करीत नाही. एक दरोड्यासाठी मेला, दुसरा श्रद्धेसाठी. आम्हांस विचारावयाचे आहे ते इतकेच, की यांपैकी कोणाची गोष्ट मुलांना अधिक वेळा सांगितली गेली? जपानी लोकांनी आपला गोएमोन नाटकात आणला, चित्रात आणला, न्हाणीघरात आणला आणि शेवटी मुलांच्या हाती खेळ म्हणून दिला. आमच्या गोन्सालोंना १८६२ साली संतपद मिळाले. सिल्वासाचे अवर लेडी ऑफ पायटी चर्च उभे राहिले त्याच्याही पस्तीस वर्षे आधी. वसईला त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. वापीला आगगाडीत बसले की वसई त्याच लोहमार्गावर लागते. असे असूनही आपल्या किती घरांत संध्याकाळी जेवणानंतर, ‘चल, तुला जपानला गेलेल्या वसईच्या पोराची गोष्ट सांगतो,’ असे शब्द उच्चारले जातात?

आपण ज्या गोष्टींना पवित्र मानतो, त्यांना उंच फळीवर ठेवतो. त्यांच्याशी खेळणे, त्या सांगताना हसणे, हे आपल्याला अनादराचे वाटते. परिणाम असा होतो, की फळीवरच्या वस्तूवर धूळ बसते आणि मूल हाताशी असलेल्या वस्तूशी खेळू लागते. व्यापारात रमलेला तरुण, परक्या भाषेत धडपडून पहिले शब्द उच्चारणारा परदेशी मुलगा, अशा रूपात गोन्सालो मुलांना भेटले तर त्यांचे संतपण उणावेल, असे आम्हांस वाटत नाही.

हीच गोष्ट आपल्या भोवतालच्या लोककलेची. दादरा आणि नगर हवेलीतील वारली व कोकणा समाजांत भवाडा हा मुखवट्यांचा नाच आहे. जव्हार व मोखाड्याकडे त्याला बोहाडा म्हणतात. रात्रीच्या वेळी वाद्यांच्या तालावर देवांची, राक्षसांची, वीरांची सोंगे एकामागून एक येतात. लहान मुले भीतीने आईच्या पदरामागे दडतात आणि पुढच्याच क्षणी हसू लागतात. भीती आणि हसू यांची हीच जोडी कोनामीच्या खेळाने पकडली. आपल्याकडे ती पूर्वीपासून अंगणात नाचत होती. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात असे मुखवटे व वाद्ये जतन केलेली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु संग्रहालयात वस्तू राहते. तिची गोष्ट मात्र सांगणाऱ्याच्या तोंडात आणि ऐकणाऱ्याच्या कानातच राहू शकते.

असे काही आपल्या मुलखात होऊ शकणार नाही, असे कोणी समजू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला. देव-दानवांच्या युद्धात हरवलेल्या भावाला शोधणारी एक डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी त्यात आहे. भारतीय पुराणकथांवर रचलेला हा खेळ परदेशांतही खेळला गेला. उलट गोएमोनचा एक खेळ १९९२ साली अमेरिकेत गेला, तेव्हा तेथील गिऱ्हाइकांना समजावे म्हणून गोएमोनचे नाव ‘किड यिंग’ आणि एबिसुमारूचे ‘डॉक्टर यांग’ असे बदलले होते. सहा वर्षांनंतरच्या खेळात मात्र गोएमोनचे खरे नाव वेष्टनावर उजळ माथ्याने छापले गेले. आपले नाव लपविण्याची गरज फार काळ राहत नाही. मात्र ते नाव आपल्याला आधी प्रिय असावे लागते.

म्हणून आमचे आईबापांना व आजी-आजोबांना तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिले, मुलाच्या हातातून फोन हिसकावून घेण्यापूर्वी एकदा त्याच्या शेजारी बसावे आणि हा कोण, तो कोणाशी भांडतो, का हसतो, असे विचारावे. मग खेळ किती वेळ, याची मर्यादा घालावी. ती मर्यादा मुलाला जाचक वाटणार नाही. दुसरे, दर ५ फेब्रुवारीच्या सुमारास संत गोन्सालोंची गोष्ट घरात सांगावी. त्यातील जहाजे, बाजार, बर्फ आणि तो बारा वर्षांचा मुलगा यांसह सांगावी. तिसरे, शेजारच्या पाड्यात भवाडा असेल आणि तेथील मंडळी बोलावतील, तर मुलांना जरूर न्यावे, आणि घरी आल्यावर कोणते सोंग कोणाचे होते, हे वृद्धांकडून विचारून वहीत लिहून ठेवण्यास सांगावे.

मोरेहोन धर्मगुरूंनी कोणाच्यातरी लिखाणावर एक नाव टिपून ठेवले. चारशे वर्षांनंतर त्या नावाच्या माणसावर मुले हसत आहेत, त्याच्यासाठी ‘हिंमत धर’ म्हणत आहेत. आपल्या घरातील एखाद्या आजीला माहीत असलेली गोष्ट या आठवड्यात कोणी वहीत उतरविली, तर पुढे ती कोणाच्या हाती पडेल, हे आज कोणास सांगता येणार? वही आणि पेन्सिल प्रत्येक घरात आहे. आजीही अद्याप पुष्कळ घरांत आहेत.