अपस्मार : कोप नव्हे, व्याधी

फेफरे आले की कांदा हुंगवायचा, अंगारा लावायचा, ही रीत अजून सुटलेली नाही. वस्तुतः चरकसंहितेने अपस्माराला व्याधी मानून त्यावर चिकित्सा सांगितली आहे. मेंदूच्या पातळ कापांवरील आधुनिक संशोधन दाखवते, की पेशींना चेतवणारे ग्लुटामेट व आवरणारे गाबा यांचा तोल ढळला, की पेशींचे जाळे एकाच लयीत चेतू लागते, तोच झटका. नियमित औषधोपचाराने सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी संसदेने १९९९ मध्येच दूर केली. मग समाजमनाने ती अढी का जपावी? समरस समाजाचा संकल्प करणाऱ्यांनी वस्तीतील रुग्णाला अंगाऱ्याकडून औषधाकडे आणि अशा उपवर मुलीला सन्मानाने बोहल्यापर्यंत नेले पाहिजे.