घड्याळातील सूर्य

सायंकाळचे साडेपाच वाजले, की पेठेतील दुकानांत घरून डबे येऊ लागतात. मुलाला गल्ल्यावर बसवून शेठजी मागच्या खोलीत जातात आणि डबा उघडण्यापूर्वी मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ पाहतात. चौविहार पाळायचा, तर मिनिटाचा हिशेब हवाच. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. सकाळीही तेच, सूर्योदयानंतर ४८ मिनिटे सरल्याविना नवकारसी होत नाही. सूर्याचे वेळापत्रक इतक्या निष्ठेने सांभाळणारी कुटुंबे अन्यत्र क्वचितच आढळतील. शेठजींच्या त्या मागच्या खोलीला मात्र खिडकी नसते.

सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. त्याचा प्रकाश येथे पोहोचायला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. व्यापाऱ्याला विचारात पाडील अशी गोष्ट निराळीच आहे. हा प्रकाश नफ्यातून नव्हे, भांडवलातून दिला जातो. दर सेकंदाला सूर्याचे सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित होऊन बाहेर पडते. ४६० कोटी वर्षे हा खर्च चालू आहे आणि तरीही भांडवलाच्या मानाने तो नगण्यच ठरतो. आडतीवरची ज्वारी, कापड दुकानातील सूत, विहिरीला पाणी देणारा पाऊस, या सर्वांची मूळ पावती तेथेच फाडली जाते.

धान्य आणि कापूस यांच्या मार्फत येणारे हे देणे सर्वांना ठाऊक असते. देहाला थेट मिळणारे एक देणे मात्र सहसा ध्यानात येत नाही. उन्हातील अतिनील किरण त्वचेवर पडले, की तेथे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर अन्नातील कॅल्शियम देहात पुरेसे शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. १९१९ मध्ये बर्लिनमधील डॉक्टर कुर्त हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना केवळ अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरे केले. आहारातून हे जीवनसत्त्व मुख्यतः तेलकट मासे, अंड्यातील बलक आणि ऊन दिलेली अळंबी यांतून मिळते. यांपैकी एकही वस्तू जैन स्वयंपाकघरात येत नाही, आणि दुधात ते निसर्गतः अत्यल्प असते. म्हणजे ज्या घरात आहाराचे नियम सर्वांत कडक, त्याच घराला उन्हाची गरज सर्वांत अधिक.

पूर्वी ही गरज न कळत भागत असे. चैत्र-वैशाखात वाड्याच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून पापड, कुरडया, सांडगे वाळत पडत. वर्षाच्या गव्हाला ऊन दिले जाई, गाद्या उलटवल्या जात. कावळे हाकलायला आजी काठी घेऊन बसे. सावली सरकली, की तीही सरके. पापड लाटणाऱ्या जावा-नणंदा भर अकरा-बारा वाजता वर-खाली करीत. जीवनसत्त्वाचे नावही कोणी ऐकलेले नव्हते. आता पापड तयार येतात, गहू निवडून पिशवीत येतो, आणि सदनिकेतील सुनेचा दिवस ट्यूबलाइटखाली उजाडतो व मावळतो. कंबर दुखते, जिना चढताना मांड्या भरून येतात, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. तिचे वय चाळीसही नसते. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते, तेव्हा घर धावपळ करते.

दोन गैरसमज फार पसरले आहेत. एक असा, की कोवळे ऊन पुरते. सकाळचा प्रकाश झोपेचे घड्याळ नीट लावतो, यात शंका नाही. परंतु तिरप्या किरणांतून ‘ड’ जवळजवळ मिळत नाही. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीहून आखूड पडेल, ती वेळ उपयोगाची. दुसरा समज, की दुकानाच्या काचेतून येणारे ऊनही चालते. काच ऊब आत सोडते. कामाचे किरण ती अडवते. त्वचा लाल होईपर्यंत बसण्याचे कारण नाही, मात्र सावळ्या वर्णाला वेळ अधिक लागतो. कमतरता फार असेल तर डॉक्टर गोळी देतातच. तेथे श्रावकाने एक प्रश्न अवश्य विचारावा: अनेक कॅप्सूलांचे वेष्टन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते आणि ‘ड-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेले ‘ड-३’ही मिळते, पण मागितल्याशिवाय कोणी पुढे करीत नाही.

अकराच्या सुमारास पेठेत गिऱ्हाईक तुरळक असते. घरीही तेव्हा स्वयंपाक उरकलेला असतो. इमारतीच्या गच्चीची किल्ली वॉचमनकडे खिळ्याला टांगलेली असते. ती मागायला मुले येतात, वर्षातून एकदा, संक्रांतीला, पतंगांसाठी.