नाव माझं, नोंद कोणाची?

मैत्रिणींनो,



मागच्या महिन्यात एक जुनी मैत्रीण कार्यालयात आली. तीस वर्षं ती माहेरच्या नावानं लिहिते आहे. त्या नावाची वेबसाइट तिच्या भाच्यानं करून दिली होती. लेख, भाषणं, शिबिरांचे अहवाल, सगळं तिथं. एके दिवशी ती उघडेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा तो पत्ता, भाच्याच्या नावावर होता. इ-मेल त्याचा, पैसेही त्याच्या कार्डातून. भाचा परदेशी गेला, जुना इ-मेल बंद पडला, मुदत संपल्याच्या सूचना कोणी वाचल्याच नाहीत. आज तिच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात. "माझं नावसुद्धा माझ्या नावावर नव्हतं गं," ती म्हणाली.

घर कोणाच्या नावावर, सातबारा कोणाच्या नावावर, हे प्रश्न आपण वर्षानुवर्षं विचारत आलो. हा मात्र विचारायचा राहिला. म्हणून मी हे नियम समजून घ्यायला बसले.

पहिला नियम अगदी बाजाराचा. .कॉम असो की .इन, जो आधी येईल आणि पैसे भरेल त्याला नाव मिळतं. ते नाव खरंच त्याचं आहे का, हे कोणी विचारत नाही. शिवाय ते विकत मिळतच नाही, मुदतीनं मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. .कॉमची मुदत संपली की काही दिवसांची सवलत, मग दंड भरून परत मिळवायला ३० दिवस, आणि मग ते पुन्हा सगळ्यांना खुलं.

माणसांच्या नावांसाठी वेगळा विचार झालाच नाही असं नाही. २००० साली जी सात नवी शेपटं मंजूर झाली, त्यांत '.नेम' हे खास व्यक्तींसाठी होतं. सुरुवातीला तिथं दोनच खण होते, आधी नाव, मग आडनाव. आडनाव टाकून दिलेल्या, आईचं नाव लावणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी दुसऱ्या खणात काय भरायचं? २००४ पासून तिथं एकच सलग नावही घेता येऊ लागलं.

पण याच '.नेम'च्या नियमांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. 'व्यक्तीचं नाव' म्हणजे काय? तर कायदेशीर नाव, किंवा ज्या नावानं ती व्यक्ती ओळखली जाते ते. लेखिकेचं टोपणनावही त्यात धरलं आहे. नोंदणीच्या वेळी विवाहाचा दाखला मागत नाहीत, नवऱ्याची सही मागत नाहीत. कोणी हरकत घेतली तरच पात्रता तपासतात. माहेरी बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर, आणि १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर. या नियमानं तिन्ही नावं त्यांचीच ठरली असती! आपल्या सरकारी कागदांवर मात्र २०२४ साली मुलांच्या नावात आईचं नाव आलं, तरी लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही रीत कायम राहिली.

मग आपलं नाव दुसऱ्यानंच घेतलं तर? १९९९ पासून .कॉमसारख्या नावांच्या तंट्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पण तिचा पाया ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह. २००० साली ब्रिटिश लेखिका जॅनेट विंटरसन यांनी आपल्या नावाची डोमेनं परत मिळवली. त्याच वर्षी अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स यांनीही. दोघींच्या नावांना व्यापारचिन्हासारखी ओळख आहे, हे मान्य झालं. आपल्याकडे २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अरुण जेटलींच्या नावाचं डोमेन त्यांना दिलं, तेही नावाच्या प्रसिद्धीकडे पाहून. ज्या नावाला बाजारात पत नाही, ते केवळ माणसाचं नाव म्हणून या पद्धतीत राखलं जात नाही. त्यासाठी नियम वाढवावा का, याचा विचार २००१ साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनं केला आणि तशी शिफारस केली नाही. याच संघटनेकडे एका पंचापुढे तक्रार करायची फी १५०० डॉलर! आमच्या मैत्रिणीनं ती कुठून आणायची? आणि एखाद्या अंगणवाडीताईनं?

आणखी एक धोका बायांना जास्त जाचतो. २०१८ पर्यंत .कॉम घेणाऱ्याचं नाव, घरचा पत्ता, फोन नंबर जाहीर यादीत कोणालाही पाहता येई. ते झाकायचं तर मध्यस्थ सेवा घ्यावी लागे. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाल्यावर ही यादी बरीचशी झाकली गेली. पण प्रत्येक शेपटाचे नियम वेगळे. नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या, धमक्या येणाऱ्या मैत्रिणींनी 'माझा पत्ता कोणाला दिसेल?' हे आधी विचारावं, मगच पैसे भरावेत. जमल्यास घराऐवजी संस्थेचा पत्ता द्यावा.

या नियमांना नात्यागोत्याशी घेणंदेणं नाही. नोंद ज्याच्या नावावर, हक्क त्याचा. हे आपल्या विरुद्ध जातं, तसंच आपल्या बाजूनंही वळवता येतं. जे नाव तुम्ही स्वतः निवडलंत, माहेरचं, सासरचं, आईचं की टोपण, ते स्वतःच्या नावे नोंदवा. इ-मेल तुमचा हवा, पासवर्ड तुमच्या वहीत हवा, मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर हवी. भाच्याची मदत जरूर घ्या, पण नोंद आपली.

हे लिहिण्याआधी मी आपल्या त्रैमासिकाचं डोमेन तपासलं. ते आपल्याला संगणक बसवून देणाऱ्या गृहस्थांच्या नावावर निघालं! भले गृहस्थ, त्यांनी लगेच संस्थेच्या नावावर करून दिलं. पण इतकी वर्षं आपल्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तुमच्या गटाचं काय? आजच बघा, आणि आम्हाला कळवा.

तुमची,
संपादक