सॅक घ्या, पण पाठीला विचारून

भिगवणला रोहित पक्षी टिपायला येणारे हौशी छायाचित्रकार लेन्सवर लाखो रुपये घालतात आणि सॅक मात्र खिसे मोजून घेतात. मला हे पटत नाही. कॅननची ६०० मिमी एफ/४ लेन्स ३ किलोंची, जवळपास ४५ सेंटिमीटर लांब. ती कॅमेऱ्याला जोडलेलीच सॅकमध्ये बसली पाहिजे. होडीत जोडाजोड करत बसलात तर सेन्सरवर धूळ आलीच. कमरेचा पट्टा रुंद हवा, कारण हे ओझं खांद्यांनी नाही, कमरेनं पेलायचं असतं. देशांतर्गत विमानात केबिन सामानाला बहुधा ७ किलोंचीच मुभा. रिकामी सॅकच ३ किलोंची असेल तर संपलंच! दुकानात स्वतःची लेन्स न्या, सॅक भरून दोन जिने चढा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.