सोन्याच्या विवरांकडे जाणारी वाट

चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यावी, चिखल तुडवीत घनदाट अरण्यात शिरावे आणि एखाद्या ओसाड सोन्याच्या खाणीच्या तोंडाशी जाऊन छायाचित्र काढावे, ही हौस आता नांदेड-लातूरच्या सुखवस्तू तरुणांपर्यंतही पोचू लागली आहे. हौसेशी आमचे भांडण नाही. खाण कोणाची होती, एवढे मात्र विचारले पाहिजे.

नीलगिरीच्या पश्चिमेस देवाला-पंदलूर भागात अशी विवरे आहेत. तेथे पणिया आणि कुरुंब आदिवासी ओढ्यांतील वाळू धुऊन सोन्याचे कण वेचीत. १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून ब्रो स्मिथ हे तज्ज्ञ आणले गेले, त्यांचा अहवाल लंडनला पोचला आणि पुढच्या दोन वर्षांत डझनावारी कंपन्या निघाल्या. सोने फारसे निघाले नाही. ज्यांना कमवायचे होते त्यांनी ते खाणीत नव्हे, शेअरबाजारात कमावले. काही वर्षांतच कंपन्या बुडाल्या, यंत्रे रानात गंजली. पुढे त्याच बेवारस बोगद्यांत सोन्याच्या आशेने उतरलेली गरीब माणसे गुदमरून मेली आहेत.

हे परमुलखाचे दुखणे, असे मराठवाड्याने म्हणू नये. नांदेड आणि लातूर निजामी राज्यात असताना, १८८६ मध्ये, त्या राज्यातील खनिजांचा ९९ वर्षांचा मक्ता वॉटसन व स्टुअर्ट या दोन इंग्रजांना मिळाला. दहा लाख पौंडांची हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. तिच्या एक लाख शेअरांपैकी ८५ हजार मक्तेदारांनी एक पैसाही न घालता खिशात टाकले. त्यांतलेच काही दरबारी अधिकारी अब्दुल हक यांच्यामार्फत चढ्या दराने निजाम सरकारच्याच गळ्यात बांधले गेले. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली. अब्दुल हक यांची नोकरी गेली. रयतेच्या साऱ्याचे काय झाले, हा प्रश्न समितीपुढे नव्हताच.

रायचूर जिल्ह्यातील हुट्टीची प्राचीन खाण याच कंपनीने चालवली आणि १९२० मध्ये सोडून दिली. आज ती कर्नाटक सरकारची कंपनी चालवते, आणि कामगार जमिनीखाली उतरतो तो पगारी नोकर म्हणून, संघटना करण्याच्या हक्कासह. देवाल्याच्या विवरांत उतरणाऱ्याला यांतले काहीच नाही. सरकारने ती विवरे तातडीने बुजवावीत, निदान त्यांना भक्कम कुंपण घालावे, आणि जंगलात गाड्या घालण्याच्या परवानगीचा विचार तेथल्या पणिया-कुरुंब वस्त्यांना विचारल्यावाचून करू नये.