सही नसलेली प्रस्तावना

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही एका वर्षाला दिला आहे: १५४३. एवढ्या शतकांतून हेच साल का निवडलं, असं अंकाच्या पहिल्या बैठकीपासून विचारलं जातंय. विज्ञानाच्या इतिहासात या सालाला आधुनिक विज्ञानाचं जन्मवर्ष म्हणून मान आहे. असल्या बिरुदांवर आमची फारशी श्रद्धा नाही. त्या वर्षी जगणाऱ्या कुणालाच आपण जन्मोत्सवाला हजर आहोत याची कल्पना नव्हती. आम्हाला त्या सालाकडे ओढलं ते छापखान्यांनी. एकाच वर्षात दोन शहरांत दोन ग्रंथ छापून झाले, आणि दोन्हींच्या मागे प्रुफं, कागद, ठसे, कटकटी आणि माणसांचे स्वभाव असं सगळं आपल्या ओळखीचं आहे.

पहिला ग्रंथ बाझेलचा. आंद्रेआस व्हेसेलियस हा पादुआ विद्यापीठात शरीररचना शिकवणारा अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक. प्रेत स्वतःच्या हाताने फाडून दाखवायचा त्याचा हट्ट. प्राचीन वैद्य गेलनने माकडं आणि जनावरं चिरून जे लिहिलं, ते माणसाचं म्हणून तेराशे वर्षं शिकवलं जात होतं. खालचा जबडा दोन हाडांचा, असं गेलन सांगत होता. व्हेसेलियसने तो एकच असल्याचं दाखवलं. पण संपादकाला हेवा वाटावा तो त्याच्या निर्मितीच्या आग्रहाचा. चित्रांचे लाकडी ठसे त्याने इटलीत कोरून घेतले आणि व्यापाऱ्यांबरोबर आल्प्स ओलांडून योहानेस ओपोरिनसच्या छापखान्यात धाडले. सोबत प्रत्येक ठशाची नमुनाप्रत आणि तो कुठे बसवायचा याची सूचना. कागद जाड आणि एकसारखा हवा, ही ताकीद वेगळीच. एवढं करून स्वारी स्वतःही बाझेलला जाऊन बसली. जून १५४३मध्ये साडेसहाशेहून जास्त पानांचा ग्रंथ बाहेर पडला. (हा ओपोरिनसही अवलिया. आदल्याच वर्षी कुराणाचा लॅटिन अनुवाद छापायला घेतला म्हणून नगरसभेने त्याला कोठडी दाखवली होती. तो अनुवादही १५४३मध्येच निघाला.)

लेखक छापखान्यात ठाण मांडून बसला की काय होतं, ते बाझेलला दिसलं. तो नसला की काय होतं, ते न्यूरेंबर्गला.

निकोलस कोपर्निकस बाल्टिक किनाऱ्याजवळ फ्रॉमबोर्कच्या कॅथीड्रलमध्ये धर्माधिकारी होता. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरणारी, हे गणित त्याने कित्येक वर्षं जवळ ठेवलं होतं. १५३९मध्ये विटेनबर्गहून रेटिकस नावाचा पंचवीस वर्षांचा गणिताचा प्राध्यापक त्याच्याकडे आला तो राहिलाच. आधी त्याने या विचाराची ओळख करून देणारं छोटं पुस्तक काढलं, मग म्हाताऱ्याचं मन वळवून हस्तलिखित न्यूरेंबर्गच्या योहानेस पेट्रेयसकडे नेलं. छपाई सुरू झाली, आणि मध्येच रेटिकसला लाइपझिगला नोकरी लागली. उरलेलं काम आंद्रेआस ओसियांडर या धर्मोपदेशकाकडे आलं.

ओसियांडरने प्रुफं पाहिली असतीलच. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. मुखपृष्ठाच्या पाठीवर त्याने आपल्या पदरची एक प्रस्तावना घातली. तिचा मथितार्थ असा: या ग्रंथातल्या कल्पना खऱ्या असायची गरज नाही, संभाव्य असायचीही नाही, त्यांवरून आकडेमोड बरोबर आली म्हणजे पुरे. खाली सही नाही. वाचणाऱ्याला वाटावं, लेखकच म्हणतोय की माझं फार मनावर घेऊ नका.

कोपर्निकस तेव्हा पक्षाघाताने अंथरुणाला खिळला होता. छापलेला ग्रंथ त्याच्यापर्यंत पोचला तो २४ मे १५४३ रोजी, शेवटच्या श्वासाच्या दिवशी. त्याचा मित्र, बिशप टीडेमान गीझ याने हे रेटिकसला जुलैतल्या पत्रात कळवलं. प्रस्तावना पाहून गीझ भडकला होता. तक्रार न्यूरेंबर्गच्या नगरसभेपर्यंत गेली, सभेने छापखानेवाल्याकडे खुलासा मागितला, आणि प्रकरण तिथेच मुरलं. रेटिकसने भेट दिलेल्या प्रतींत त्या मजकुरावर लाल काट मारली. त्याचाही एक सल होताच: कोपर्निकसने पोपला लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत गीझचं नाव आहे, पण ज्याने धावपळ केली त्या रेटिकसचं नाही.

ओसियांडरची बाजूही ऐकायला हवी. त्या प्रस्तावनेच्या आडोशाने ग्रंथ त्र्याहत्तर वर्षं सुखात राहिला असं म्हणणारे आहेत. रोमने त्याच्यावर हात टाकला तो १६१६मध्ये, आणि तोही दुरुस्त्या होईपर्यंत. आम्हाला हा युक्तिवाद अगदीच पोकळ वाटत नाही. मजकूर वाचावा म्हणून संपादक कधी मऊ शब्द वापरतात, आम्हीही वापरतो. त्याचं मतही त्या काळच्या अनेक ज्योतिर्विदांना पटणारंच होतं. पण मत आपलं आणि नाव दुसऱ्याचं गृहीत धरलं जावं, ही लबाडी झाली. योहानेस केपलरकडच्या प्रतीत जुन्या मालकाने ओसियांडरचं नाव नोंदवून ठेवलं होतं. केपलरने ते १६०९मध्ये आपल्या ग्रंथात जाहीर छापलं, तेही मुखपृष्ठाच्याच पाठीवर. छपाईतला घोटाळा छापूनच फेडला.

मग त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञांनी १५२० साली, म्हणजे शके १४४२मध्ये, 'ग्रहलाघव' रचलं होतं. ज्या-कोज्यांचा खटाटोप टाळून ग्रहांची स्थानं काढायची सोपी रीत त्यात होती. पृथ्वी फिरते की सूर्य, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तिथी वेळेवर यावी एवढंच. गंमत म्हणजे ओसियांडर कोपर्निकसच्या माथी मारू पाहत होता ती भूमिका नांदगावच्या पोथीला सहज शोभली असती. ती पोथी हातांनी उतरवली जात महाराष्ट्रभर पसरली, आणि तिच्यावरून पिढ्यानपिढ्या पंचांगं निघाली, म्हणजे दिवाळीही ठरली. १५४३मध्येच बार्देश आणि सासष्टी आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे गेले. गोव्यात छापखाना यायला अजून तेरा वर्षं होती.

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरल्या. बेटाच्या किशोरवयीन सरदाराने दोन विकत घेतल्या आणि लोहाराला म्हणाला, अशाच घडव. ती हकीकत विशेष विभागातल्या तिसऱ्या लेखात सविस्तर आहे, आमच्या मते विभागातला सर्वांत चुरचुरीत लेख तोच.

विशेष विभागातले दोन लेख आम्हाला पूर्ण पटलेले नाहीत. ते जसेच्या तसे छापले आहेत. आमचं म्हणणं लेखाखाली चौकटीत आहे आणि प्रत्येक चौकटीखाली नाव आहे. भांडायचं तर त्या नावाशी भांडा, पत्रं कार्यालयाच्या पत्त्यावर येऊ द्या. कागदाचे भाव वाढूनही पानं कमी केलेली नाहीत.

– संपादक