बालकांच्या नोंदी आणि दवाखान्यातील लिनक्स

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आईसमवेत दवाखान्यात आली. जन्मापासून तिचे लसीकरण मीच केलेले. शिक्षणासाठी अमेरिकेस जावयाचे होते आणि तिच्या विद्यापीठाने गोवर-गालगुंड-रुबेला लशीच्या दोन मात्रांचा पुरावा मागितला होता. घरचे लसीकरणपत्रक पावसाळ्यात भिजून गेले होते. "डॉक्टर, तुमच्या संगणकात असेलच ना," आई सहज म्हणाली. नोंद होती, परंतु ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती होती, ते विकणाऱ्यांनी आपला व्यवसाय केव्हाच आटोपला होता. नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर परवान्याचा क्रमांक मागे आणि तो देणारे कोणी उरले नव्हते. शेवटी मुलीला दोन्ही मात्रा पुन्हा दिल्या. वैद्यकीयदृष्ट्या त्यात अपाय नाही. तथापि मीच लिहिलेली नोंद मलाच वाचता येऊ नये, याची लाज वाटली.

मयेकरांना ही व्यथा निराळ्या रूपात परिचित आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर येथील पोर्तुगीजकालीन जमीनदारी 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी' ठरली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीत आणि स्वतः बांधलेल्या घरात आमची माणसे राहिली, पण कागदावर मालकी नव्हती. त्यासंबंधीचा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे बहुधा असेच असते. आपण पैसे भरतो ते राहण्याच्या परवानगीचे. घर दुसऱ्याचेच राहते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ज्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी संगणकावर आहेत, तेथे निदान एका संगणकावर लिनक्स असावे आणि ते डॉक्टरने एकदा तरी स्वहस्ते बसवावे. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा जगापुढे ठेवला. केरळने आपल्या सरकारी शाळांमधून ही प्रणाली मुलांच्या हाती दिली. गोव्यातही या शतकाच्या आरंभी परदेशातून आलेले वापरलेले संगणक काही शाळांना मिळाले, तेव्हा त्यांवर लिनक्सच घालण्यात आले होते. शाळेतली मुले जे शिकली, ते एम. डी. झालेल्यांना अवघड वाटावे, हे मला पटत नाही.

प्रश्न तातडीचाही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. असा संगणक भंगारात देण्याचे कारण नाही. चार जीबी मेमरी असल्यास लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती त्यावर समाधानकारक चालते.

कृती सांगतो. प्रणालीची फाईल अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यावी, तिची पडताळणी-संख्या जुळवून पाहावी आणि पेनड्राइव्हवर चढवावी. लशीच्या कुपीवरील मुदत आपण पाहतो, तितक्याच सहजपणे ही जुळणी व्हावी. नंतर संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करावा. येथे एक सोय फार मोलाची आहे : काहीही न पुसता प्रणाली चालवून पाहता येते. ध्वनी, वाय-फाय आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासूनच पुढे जावे.

खरी मेख डिस्कच्या वाटणीत आहे. पहिल्या खेपेस मी घाईने सगळी डिस्क एकाच भागात दिली आणि पुढे प्रणाली बदलताना सर्व नोंदी बाहेर काढून पुन्हा आत घालाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेस शहाणपण सुचले. प्रणालीचा भाग वेगळा आणि 'होम' हा आपल्या फायलींचा भाग वेगळा ठेवला. स्वयंपाकघर दुरुस्तीस काढले तरी धान्याच्या कोठीला हात लागत नाही, तसे हे आहे. डिस्क सांकेतिक करण्याचा पर्यायही स्वीकारावा. संगणक चोरीस गेला तरी बालकांची माहिती परक्याच्या हाती पडत नाही. मात्र तो परवलीचा शब्द विसरलात तर कोणीही सोडवणार नाही. तो कागदावर लिहून कपाटात ठेवावा. या सगळ्याआधी नोंदींच्या दोन प्रती बाहेर काढून ठेवणे, हे सांगावयास नकोच.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. जुलाबात ओआरएस कसे द्यावे, याची मराठी पत्रके मी जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केली होती; लिनक्सवर ती निव्वळ चिन्हांचा चिवडा दिसू लागली. दोष लिनक्सचा नव्हता, ती पत्रके युनिकोडमध्ये नव्हतीच. पुन्हा टंकण्यात माझ्या चार रात्री गेल्या. तसेच काही यंत्रांचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालते. अशा व्यवसायबंधूंनी तेवढा एक संगणक वेगळा ठेवावा. लिनक्सचा हट्ट मी धरणार नाही. हट्ट आहे तो एवढाच, की नोंदी कोणालाही उघडता येतील अशा साध्या तक्त्यात असाव्यात. माझ्याकडे आता जन्मतारीख, वजन, उंची आणि लशी लिब्रेऑफिसमध्ये नोंदवल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांशी त्यांची तुलना 'आर' या मुक्त प्रणालीतून करता येते, त्यासाठीचा संच संघटनेनेच उपलब्ध करून दिला आहे.

तालुक्यातील ज्या मित्रांस करून पाहावयाचे असेल त्यांनी रविवारी दुपारनंतर आपला जुना संगणक घेऊन मयेस यावे. पेनड्राइव्ह माझ्याकडे तयार आहे. पावसाळ्यापूर्वी आलेले बरे. एकदा विजेचा लपंडाव सुरू झाला, की अर्ध्यावर अडकलेल्या संगणकापुढे बसून राहण्याची पाळी येते.